पॅप स्मीअरची स्लाइड कॉम्प्युटर कशी वाचतो? आणि '९९ टक्के अचूक' ऐकून लगेच खूश का व्हायचं नाही?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमचा चौघांचा प्रोजेक्ट होता: गर्भाशयमुखाच्या पेशींचे फोटो बघून कॅन्सर ओळखणारं सॉफ्टवेअर. इंटरनेटवर एक फुकट डेटासेट मिळाला, एक तयार न्यूरल नेटवर्क मिळालं, आणि तीन आठवड्यांत स्क्रीनवर आकडा आला, ९८ टक्के. आम्ही चहा-वडापावची पार्टी केली.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "या पेशी एकूण किती बायकांच्या आहेत?"

आम्हाला माहीत नव्हतं. चौघांपैकी कोणालाच नाही.

त्यानंतर काही वर्षांनी आईने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली. तिची पॅप स्मीअर टेस्ट झाली होती आणि रिपोर्टमधलं इंग्रजी तिला कळत नव्हतं. "अरे, यात काय लिहिलंय बघ जरा." तेव्हा लक्षात आलं, चार महिने मी या पेशींचे फोटो बघत होतो, पण 'आई, तू ही टेस्ट केलीस का?' हे एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून हा लेख. ही टेस्ट काय आहे, कॉम्प्युटर तिच्यात नेमकं काय करतो, आणि 'एआयने ९९ टक्के अचूक कॅन्सर ओळखला' अशी पोस्ट दिसली की त्यातला कोणता आकडा तपासायचा, हे सगळं सोप्या भाषेत बघूया.

आधी टेस्ट समजून घेऊ

गर्भाशयाचा खालचा, योनीकडे उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयमुख. इथल्या कॅन्सरचं जवळजवळ प्रत्येक वेळी कारण असतं एचपीव्ही नावाचा विषाणू. हा शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळालं. एचपीव्हीचे खूप प्रकार आहेत, पण १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के केसेसना जबाबदार आहेत.

यात एक चांगली गोष्ट आहे. हा विषाणू बहुतेक बायकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांच्याही पेशी हळूहळू बदलतात. साध्या बदलापासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागू शकतात. म्हणजे पकडायला वेळ भरपूर आहे. मधल्या काळात बदललेल्या पेशी सापडल्या तर छोट्या उपचाराने तो भाग काढून टाकता येतो आणि कॅन्सर होतच नाही.

पॅप स्मीअर म्हणजे या मधल्या काळातल्या पेशी शोधायची टेस्ट. डॉक्टर किंवा सिस्टर छोट्या ब्रशने गर्भाशयमुखावरच्या पेशी हलकेच खरवडून घेतात. त्या काचेच्या स्लाइडवर पसरतात, रंग देतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. नमुना घ्यायला काही मिनिटं पुरतात.

'पॅप' हे नाव जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरवरून आलं. न्यूयॉर्कमध्ये काम करताना १९२८ साली त्यांनी ही कल्पना मांडली, पण तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४१ ते १९४३ च्या दरम्यान सविस्तर काम छापून आल्यावर जगाने दखल घेतली. त्यांच्या पत्नी मेरी यांनी संशोधनासाठी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने दिले. टेस्टला नाव मात्र नवऱ्याचं लागलं.

स्लाइडवर नेमकं काय शोधतात?

तुम्ही आईला किंवा आजीला ताटात तांदूळ घेऊन निवडताना बघितलं असेल. हजारो दाण्यांतून दोन-चार खडे काढायचे. खडा तांदळाच्याच रंगाचा असला तर अजूनच कठीण. स्लाइड वाचणं हे असंच काम आहे. फरक एवढाच की एका स्लाइडवर ५० हजारांपासून तीन लाखांपर्यंत पेशी असू शकतात आणि बिघडलेल्या पेशी त्यात कधी कधी मोजून दहा-वीस असतात.

खडा ओळखायच्या खुणा अशा:

- केंद्रकाचा आकार. पेशीच्या मधला गडद ठिपका म्हणजे केंद्रक. नेहमीच्या पेशीत त्याचं क्षेत्रफळ साधारण ३५ चौरस मायक्रॉन असतं. ते तिपटीहून जास्त झालं की शंका येते.
- केंद्रक आणि बाकी पेशी यांचं प्रमाण. निरोगी पेशी तव्यावरच्या अंड्यासारखी दिसते, मध्ये छोटा बलक आणि भोवती मोठा पांढरा भाग. बिघाड वाढला की बलक मोठा होतो आणि पांढरा भाग आक्रसतो.
- रंग. केंद्रकात डीएनए वाढला की रंग जास्त धरला जातो आणि ते गडद दिसतं.
- कड. चांगल्या केंद्रकाची कड गुळगुळीत असते. बिघडलेल्याची वेडीवाकडी, सुरकुतलेली.
- पोकळी. एचपीव्हीची लागण झालेल्या काही पेशींत केंद्रकाभोवती पांढरं वलय दिसतं.

हे सगळं बघून रिपोर्टमध्ये एक गट लिहितात. 'एनआयएलएम' म्हणजे काही वावगं दिसलं नाही. 'एएससी-यूएस' म्हणजे थोडं वेगळं दिसतंय, पण खात्री नाही. 'एलसिल' म्हणजे सौम्य बदल. 'एचसिल' म्हणजे गंभीर बदल, लगेच पुढची तपासणी हवी. यातलं कोणतंही नाव म्हणजे थेट कॅन्सर नव्हे, हे लक्षात ठेवा. पक्कं निदान कोल्पोस्कोपी आणि बायोप्सीनंतरच होतं.

मग यात कॉम्प्युटर कशाला?

कारण माणूस थकतो. दिवसभर स्लाइड बघायच्या, त्यातल्या बहुतेक नॉर्मल. शंभरावी स्लाइड बघताना डोळा पहिल्या स्लाइडइतका ताजा नसतो.

अमेरिकेत १९८७ साली वॉल्ट बोगडॅनिच या पत्रकाराने वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लॅबची पोलखोल केली. काही ठिकाणी एकेका माणसाकडून प्रचंड स्लाइड वाचून घेतल्या जात होत्या, त्यामुळे कॅन्सर हातातून निसटत होते. या बातम्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि १९८८ साली कायदा कडक झाला. एका माणसाने दिवसात १०० पेक्षा जास्त स्लाइड वाचायच्या नाहीत, आणि नॉर्मल ठरलेल्या स्लाइडपैकी किमान १० टक्के परत तपासायच्या, असे नियम आले.

पण मशीनकडून स्लाइड वाचून घ्यायची कल्पना याच्याही आधीची आहे. १९५० च्या दशकातच अमेरिकेत 'सायटोअ‍ॅनालायझर' नावाचं मशीन बनलं होतं. ते केंद्रकाचा आकार आणि गडदपणा मोजायचं. फसलं. एकावर एक चढलेल्या पेशी, रक्ताचे डाग, धूळ, सगळंच त्याला संशयास्पद वाटायचं. खोट्या अलार्मनीच ते बाद झालं.

पुढे १९९५ साली 'पॅपनेट' या न्यूरल नेटवर्कवाल्या सिस्टिमला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली. हो, न्यूरल नेटवर्क! आपल्याला ते कालपरवाचं वाटतं, पण पॅप स्मीअरमध्ये ते ३० वर्षांपूर्वीच आलं होतं. पॅपनेट प्रत्येक स्लाइडवरचे सर्वात संशयास्पद १२८ फोटो माणसाला दाखवायचं. कंपनी मात्र काही वर्षांतच दिवाळखोरीत गेली. १९९८ साली 'ऑटोपॅप'ला परवानगी मिळाली. या मशीनला २५ टक्क्यांपर्यंत स्लाइड 'माणसाने बघायची गरज नाही' म्हणून बाजूला ठेवता यायच्या. २००३ साली 'थिनप्रेप इमेजिंग सिस्टिम' आली. ती स्लाइडवरच्या २२ जागा निवडून देते, माणूस तिथे बघतो, आणि एखाद्या जागेत काही खटकलं तर पूर्ण स्लाइड तपासतो.

यातल्या बहुतेकांत एक गोष्ट समान आहे. निकाल मशीन देत नाही. ते बोट दाखवतं, 'इथे बघा'. असं का, ते थोड्या वेळात गणित करून बघू.

स्लाइड ते पिक्सेल: आतमध्ये काय घडतं?

पायरी १: नमुना स्वच्छ करणं. पूर्वी ब्रशवरच्या पेशी थेट काचेवर फासायचे. ढीग व्हायचे, रक्त आणि चिकट स्राव मध्ये यायचे. आता बऱ्याच ठिकाणी ब्रश आधी द्रवाच्या बाटलीत बुडवतात आणि मशीनने पेशींचा पातळ, एकसारखा थर काचेवर लावतात. याला लिक्विड बेस्ड पद्धत म्हणतात. कॉम्प्युटरचं अर्धं काम इथेच सोपं होतं.

पायरी २: स्कॅन. पातळ थराचा गोल साधारण २० मिलिमीटर व्यासाचा असतो. स्कॅनर एका पिक्सेलमध्ये पाव मायक्रॉन टिपतो असं धरलं, तर एका बाजूला ८०,००० पिक्सेल होतात. ८०,००० गुणिले ८०,००० म्हणजे ६४० कोटी पिक्सेल. तुमच्या फोनचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असेल, तर असे १२८ फोटो जोडल्यावर एक स्लाइड होते. कॉम्प्रेस न करता ठेवली तर सुमारे १९ जीबी, तीही एका बाईची एक स्लाइड. शिवाय पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे वेगवेगळ्या फोकसवर परत फोटो घ्यावे लागतात.

आणि एवढ्या पसाऱ्यात आपल्याला हवं ते केंद्रक किती मोठं? ३५ चौरस मायक्रॉन म्हणजे फक्त ५६० पिक्सेल, जेमतेम २७ पिक्सेल रुंद. तुमच्या फोनवरचा एखाद्या अ‍ॅपचा आयकॉनसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो.

पायरी ३: तुकडे. इतका मोठा फोटो नेहमीच्या ग्राफिक्स कार्डमध्ये एकदम मावत नाही. म्हणून त्याचे छोटे चौकोनी तुकडे करतात. रिकामे तुकडे फेकून देतात.

पायरी ४: पेशी वेगळ्या करणं. जुनी पद्धत अशी: गडद भाग शोधा, त्याची कड आखा, ते केंद्रक. मग भोवतीची पेशी आखा आणि क्षेत्रफळ, गोलाई, रंग मोजा. ऐकायला सोपं आहे, पण तीन पेशी एकावर एक असल्या की कोणती कड कोणाची हे माणसालाही कळत नाही. या एका अडचणीवर संशोधकांच्या स्पर्धा झाल्या आहेत.

पायरी ५: ओळखणं. आता बहुतेक ठिकाणी सीएनएन किंवा तत्सम डीप लर्निंग मॉडेल वापरतात. 'केंद्रकाचं क्षेत्रफळ मोज' असं आपण त्याला सांगत नाही. तज्ज्ञांनी नावं दिलेले हजारो फोटो दाखवतो आणि काय बघायचं ते मॉडेल स्वतः ठरवतं. फेस अनलॉक तुमचा चेहरा ओळखतं, त्याच घराण्यातलं हे तंत्र.

पायरी ६: पेशींवरून स्लाइडवर येणं. इथे एक मजेशीर अडचण आहे. तज्ज्ञाने लाखभर पेशींवर एकेक करून नाव लिहिणं शक्यच नाही. हातात असतो फक्त रिपोर्ट, 'ही स्लाइड एचसिल'. म्हणजे पोत्यावर चिठ्ठी आहे, 'आत खडे आहेत', पण खडे कुठे आहेत ते लिहिलेलं नाही. अशी हजारो पोती बघून मॉडेल स्वतःच शिकतं की खडेवाल्या पोत्यांत असं काय आहे जे बाकीच्यांत नाही. याला मल्टिपल इन्स्टन्स लर्निंग म्हणतात.

पायरी ७: गॅलरी. सर्वात संशयास्पद पेशींचे फोटो एका स्क्रीनवर मांडतात. तज्ज्ञ ते बघून निर्णय देतो. अमेरिकेत २०२४ च्या सुरुवातीला एफडीएने मंजूर केलेली 'जिनियस' ही सिस्टिम अशीच चालते. स्लाइडचा डिजिटल फोटो, एआयने निवडलेली गॅलरी, आणि शेवटचा शब्द माणसाचा.

९९ टक्क्यांचं गणित

आता मुख्य मुद्दा. समजा, तुमचं मॉडेल एक पेशी ओळखण्यात ९९ टक्के अचूक आहे. भारी, नाही?

एका स्लाइडवर ५०,००० पेशी धरू, सगळ्या निरोगी. एक टक्का चूक म्हणजे ५०० निरोगी पेशी 'कॅन्सरसारख्या' ठरल्या. म्हणजे पूर्ण निरोगी बाईच्या स्लाइडवरही ५०० अलार्म. 'एकही संशयित पेशी दिसली की स्लाइड खराब' असा नियम लावला, तर जगातली प्रत्येक स्लाइड खराब ठरेल. सायटोअ‍ॅनालायझर नेमका याच खड्ड्यात पडला होता. अचूकता ९९.९९ टक्के केली तरी ५ खोटे अलार्म उरतातच.

म्हणूनच मशीन निकाल देण्याऐवजी क्रम लावतं. ५०,००० पैकी सर्वात वरच्या काही पेशी तज्ज्ञासमोर ठेवल्या, तर ते खोटे अलार्म तो नजरेसरशी बाजूला करतो. पन्नास हजारांतून शोधण्यापेक्षा पन्नासातून निवडणं माणसाला खूप सोपं जातं.

आता हेच पेशींऐवजी बायकांवर लावून बघू. समजा १,००० बायकांची तपासणी झाली आणि त्यातल्या १० जणींना खरोखर गंभीर बदल आहेत. टेस्ट आजारी बाईला ९० टक्के वेळा बरोबर पकडते आणि निरोगी बाईला ९० टक्के वेळा बरोबर सोडते. मग:

- १० पैकी ९ सापडल्या, १ निसटली.
- ९९० निरोगी बायकांपैकी ९९ जणींना उगाच बोलावणं गेलं.

म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १०८ जणींपैकी खरोखर आजारी फक्त ९. बाकीच्या ९९ जणींनी पुढच्या तपासणीपर्यंत रात्री जागून काढल्या. आणि जी एक निसटली, ती 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून निवांत राहिली.

म्हणून 'अचूकता' हा एकटा आकडा कधीच पुरत नाही. दोन आकडे विचारा: आजारी असलेल्यांपैकी किती सापडल्या? आणि निरोगी असलेल्यांपैकी किती जणींना उगाच घाबरवलं?

आमच्या ९८ टक्क्यांत काय घोळ होता?

आता प्रोजेक्टची कबुली देतो, कारण याच चुका आजही कितीतरी प्रोजेक्टमध्ये आणि पोस्टमध्ये दिसतात.

आम्ही वापरला होता हर्लेव्ह डेटासेट, डेन्मार्कमधल्या हर्लेव्ह हॉस्पिटलवरून नाव पडलेला. त्यात एकेका पेशीचे ९१७ फोटो आहेत, २४२ निरोगी आणि ६७५ बिघडलेल्या.

पहिली चूक. खऱ्या आयुष्यात बहुतेक पेशी निरोगी असतात, इथे तीन चतुर्थांश बिघडलेल्या. डोळे मिटून प्रत्येक फोटोला 'बिघडलेली' म्हणणारा प्रोग्रामसुद्धा इथे सुमारे ७४ टक्के मार्क मिळवतो.

दुसरी चूक. फोटो कमी होते म्हणून आम्ही प्रत्येक फोटो फिरवून, उलटा करून त्याच्या आठ प्रती केल्या. हे करायला हरकत नसते. पण आम्ही आधी प्रती केल्या आणि मग शिकवायचे व तपासायचे फोटो वेगळे काढले. त्यामुळे तीच पेशी सरळ अभ्यासात आणि उलटी परीक्षेत. पेपर फुटलेला होता, आणि आम्ही मार्कांची पार्टी करत होतो.

तिसरी चूक, मॅडमनी पकडलेली. एकाच बाईच्या अनेक पेशी डेटामध्ये असतील, तर त्या एकाच स्लाइडवरच्या, एकाच दिवशी, एकाच रंगात रंगवलेल्या. मॉडेल कॅन्सर शिकतं की त्या दिवसाच्या रंगाची छटा, हे कळणार कसं? म्हणून एका बाईचा सगळा डेटा एकाच बाजूला ठेवायचा असतो, एकतर शिकवण्यात नाहीतर परीक्षेत. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे वेगळ्या शहरातल्या, वेगळ्या लॅबच्या स्लाइडवर मॉडेल चालवून बघणं.

चौथी चूक. ते सगळे फोटो सुट्या पेशींचे होते. खऱ्या स्लाइडवरचे ढीग, रक्त आणि धूळ आमच्या मॉडेलने कधी पाहिलीच नव्हती.

मग हे मशीन खरंच उपयोगी आहे का?

दोन्ही बाजूंची उदाहरणं देतो, ठरवा तुम्ही.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरला 'मॅव्हरिक' नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०११ साली छापून आले. ७० हजारांहून जास्त नमुन्यांवर मशीनच्या मदतीने वाचन आणि नेहमीचं माणसाचं वाचन यांची तुलना केली. मशीनमुळे कामाचा वेग ६० ते ८० टक्क्यांनी वाढला. पण गंभीर बदल पकडण्यात ते माणसापेक्षा ८ टक्क्यांनी कमी पडलं. संशोधकांनी स्पष्ट सांगितलं, वेग वाढला म्हणून हे घेऊ नका. तिथे प्रशिक्षित माणसं होती. मशीनला त्यांच्याशी स्पर्धा करायची होती आणि त्यात ते हरलं.

आता केनिया. तिथल्या किनोन्डो या ग्रामीण भागातल्या हॉस्पिटलमध्ये एचआयव्हीबाधित ७४० महिलांचे नमुने घेतले. छोट्या स्कॅनरने स्लाइड स्कॅन केल्या, मोबाइल नेटवर्कवरून क्लाउडवर पाठवल्या आणि डीप लर्निंगने तपासल्या. निकाल २०२१ साली आले. ज्या स्लाइडमध्ये तज्ज्ञांना गंभीर बदल दिसले होते, त्यातली एकही मॉडेलने नॉर्मल म्हणून सोडली नव्हती. नमुने एकाच हॉस्पिटलमधले होते, त्यामुळे लगेच उड्या मारायला नकोत. पण मुद्दा बघा. इथे मशीनची तुलना उत्तम तज्ज्ञाशी करून चालत नाही. गावात स्लाइड वाचणारा माणूसच नसेल, तर मशीनची तुलना 'काहीच नाही' याच्याशी होते.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडचा आकडा अंगावर येतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार महिलांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार महिला त्याने जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, 'ही तपासणी कधी तरी झाली आहे का?' हो म्हणणाऱ्या होत्या २ टक्क्यांहूनही कमी.

म्हणजे आपल्याकडे स्लाइड वाचण्यात चूक होते ही मोठी अडचण नाहीच. बहुतेक बायकांची स्लाइड बनतच नाही.

या विषयावरचे जगातले दोन महत्त्वाचे अभ्यास आपल्या महाराष्ट्रात झालेत, हे कितीजणांना माहीत आहे? एक तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होते. १ लाख ३१ हजारांहून जास्त महिला सहभागी होत्या. २००९ साली निकाल आला: आयुष्यात एकदा एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप स्मीअरच्या गटात इतका फरक दिसला नाही.

दुसरा मुंबईच्या वस्त्यांमध्ये. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून 'व्हाया' तपासणी करून घेतली. यात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात आणि पांढरा पडणारा भाग नुसत्या डोळ्यांनी बघतात. लॅब नको, स्कॅनर नको. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या महिलांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी आहे.

मग एआयची जागा कुठे? एक म्हणजे एचपीव्ही टेस्टनंतर. इंग्लंडने २०१९ पर्यंत आपली पद्धत बदलली. आधी एचपीव्ही टेस्ट, आणि ती पॉझिटिव्ह आली तरच पेशी बघायच्या. स्लाइडची संख्या खूप घटते आणि उरलेल्या जास्त जोखमीच्या असतात. तिथे मशीनची मदत खरी कामाची.

दुसरी जागा म्हणजे थेट गर्भाशयमुखाचा फोटो. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कोस्टा रिकामधल्या ९ हजारांहून जास्त महिलांच्या जुन्या फोटोंवर असं मॉडेल बनवलं आणि ते पॅप स्मीअरपेक्षा सरस ठरलं. बातम्या आल्या, 'आता मोबाइलवर कॅन्सर तपासणी!' पण ते फोटो एका विशिष्ट फिल्म कॅमेऱ्याचे होते. वेगळ्या कॅमेऱ्यांवर, फोनवर तेच मॉडेल तसंच चालेना. फोन बदलला की रंग, प्रकाश, फोकस सगळं बदलतं. काम चालू आहे, पण आज तुमच्या फोनमधलं कोणतंही अ‍ॅप या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. कोणी तसा दावा करून फोटो किंवा रिपोर्ट अपलोड करायला सांगत असेल, तर करू नका. तो तुमच्या घरातल्या बाईचा सर्वात खासगी डेटा आहे.

तुम्ही काय करू शकता?

- घरात ३० च्या पुढच्या ज्या बायका आहेत, त्यांना विचारा: तपासणी झाली आहे का? लाजल्यासारखं होईल, मलाही झालं. दोन मिनिटांत संपतं.
- जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. खासगीत जाणार असाल तर डॉक्टरांना एचपीव्ही टेस्टबद्दलही विचारा.
- पाळी नसताना, संबंधानंतर किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर रक्त जात असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, थेट डॉक्टरांकडे जा.
- घरात ९ ते १४ वयाच्या मुली असतील, तर एचपीव्हीच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लसही आता उपलब्ध आहे. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करायचीच.
- रिपोर्ट हातात आला की पूर्ण वाचा. नाही कळला तर डॉक्टरांना विचारा.

शेवटच्या मुद्द्याचं कारण सांगतो. आईच्या त्या पीडीएफमध्ये एक शब्द होता, 'अनसॅटिस्फॅक्टरी'. तिला वाटलं काहीतरी वाईट निघालं. बाबा म्हणाले, "कॅन्सर लिहिलेलं नाही ना, मग झालं." दोघंही चुकीचे होते. त्याचा अर्थ एवढाच की काचेवर वाचण्याइतक्या पेशीच आल्या नव्हत्या. ना चांगलं, ना वाईट. टेस्ट झालीच नाही असं समजायचं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा परत करायची. जगातलं सर्वात हुशार मॉडेल आणलं असतं तरी त्या स्लाइडवर ते काही करू शकलं नसतं. जे काचेवर नाही, ते पिक्सेलमध्ये कुठून येणार?

आईने तीन महिन्यांनी परत टेस्ट केली. या वेळी रिपोर्ट नॉर्मल आला. तिच्याबरोबर मी मावशीलाही पाठवलं. तिची ती पहिलीच वेळ होती, वय ५४.